मुख्य काम : चादरी

२८ तारीख, शुक्रवार

आणि परत कापलेच! मी म्हणत होतो की नाही? पहिल्या पगारात कापले तेव्हा गप्प बसलो, म्हटलं गणवेशाचे असतील. दुसऱ्या पगारात कापले तेव्हाही गप्प बसलो, म्हटलं हिशेबाच्या बाईंची गडबड झाली असेल. आता तिसऱ्यांदा तेच. आता नाही गप्प बसणार.

सरळ गुणाकार आहे. लॉन्ड्रीत महिन्याचे ऐंशी तास, तासाला बारा. झाले नऊशे साठ. हातात आले सातशे वीस. पहाटे बेकरीत साठ तास, तासाला दहा. झाले सहाशे. हातात साडेचारशे. पंधराशे साठ कमावले आणि अकराशे सत्तर मिळाले. सातवीतून शाळा सोडली म्हणून काय झालं, वजाबाकी तिसरीतच शिकवतात. तीनशे नव्वद कुणाच्या घशात गेले?

सुटल्यावर तसाच बाईंच्या खिडकीशी गेलो. लॉन्ड्रीतल्या सगळ्यांचे पगार ह्या एकट्या बाई काढतात. पन्नाशीच्या असतील, चष्मा दोरीला बांधलेला, कुणाशी हसताना दिसत नाहीत. म्हणाल्या, "चिठ्ठीवर सगळं लिहिलेलं आहे. वाचा."

मी म्हटलं, "वाचलंय."

"मग?"

"मग काय मग? पटलं नाही."

"पटवून घ्यायची गोष्ट नाहीये ती, कर आहे," म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.

खरं तर चिठ्ठी वाचली नव्हती. मुंगीएवढं अक्षर. मी पाट्या रंगवणारा माणूस आहे. वीतभर उंचीच्या खालच्या अक्षराला मी अक्षर मानत नाही.

३० तारीख, रविवार

घरी फोन केला. आईला पाचशे पोचले. धाकटीने फोन ओढून घेतला. तिची एकच टकळी, गाळा, गाळा, गाळा. चार वर्षं घरच्या ओसरीत खुर्ची टाकून बायकांचे केस कापते आहे. आता चौकातला गाळा मिळतोय. अनामत चोवीसशे. चौदाशे तिने स्वतः साठवलेत. गाळ्याचा मालक पुढच्या तीस तारखेपर्यंत थांबतो म्हणाला.

राहिलेले हजार मी देणार, असा शब्द दिलाय. आईही म्हणाली, "पुढच्या महिन्यात मला काही नको, तिचं होऊ दे." शब्द देताना मी पंधराशे साठच धरले होते. खोलीचं भाडं, खाणं, जाणंयेणं मिळून साडेपाचशे जातात. उरले हजार आणि वर दहा. कापतात हे माहीत होतं, पण मी मनात म्हटलं, पुढच्या वेळी नाही कापणार.

आता काय सांगू? अकराशे सत्तरमधून साडेपाचशे गेले तर उरतात सहाशे वीस. फोनवर मी फक्त "हो हो, होईल" म्हटलं. धाकटी म्हणाली, "दादा, तू दोनदा हो म्हणालास की मला भीती वाटते."

१ तारीख, सोमवार

मामांना सगळं सांगितलं. मामा म्हणजे माझ्या खोलीतले सोबती. सगळे त्यांना मामा म्हणतात, सख्खा भाचा कुणीच नाही. गोदामाच्या फाटकावर रात्रीचे रखवालदार आहेत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. एकटा माणूस, पण जेवण असं करतात की शेजारचे वास घेत जिन्यात थांबतात.

म्हणाले, "तुला भांडता येत नाही. तू तोंड उघडलंस की समोरच्याला खिडकी लावावीशी वाटते. माझ्यावर सोड."

दुपारी गेले, चांगले तासाभराने आले.

"काय झालं?"

"कडक बाई आहे."

"आणि पैसे?"

"पैशांपर्यंत अजून पोचलोच नाही. परत जावं लागेल."

माणूस असावा तर असा. दुसऱ्याच्या भांडणासाठी स्वतःची झोप मोडतो.

४ तारीख, गुरुवार

मामा परत जाऊन आले. या वेळी शर्टाला इस्त्री. जाताना माझ्या दोन्ही ठिकाणच्या पगाराच्या चिठ्ठ्या घेऊन गेले. बाईंनीच मागवल्या होत्या म्हणे. आल्यावर सांगितलं की बाईंनी चहा दिला.

मी म्हटलं, "मामा, जपून. चहा पाजून माणसाला गार करायची ही जुनी युक्ती आहे."

"असेल बाबा, असेल," म्हणाले आणि गाणं गुणगुणत भांडी घासायला बसले. आज भांडी माझ्याकडे होती. मी काही आठवण करून दिली नाही.

९ तारीख, मंगळवार

बेकरीत तास वाढवून मागितले. मालक म्हणाले, पाव तेवढाच खपतो, तुझ्यासाठी गावाने जास्त खायचं का? गरम लाद्या कागदात बांधता बांधता मी चारशे कुठून येतील याचाच विचार करत होतो. दोनदा उलटी चिकटपट्टी लावली.

धाकटीचा निरोप आला. एक मोबाइल दुरुस्तीवाला गाळा बघून गेला. त्याच्याकडे पूर्ण पैसे रोख आहेत. मालक म्हणतो, आधी तुला शब्द दिलाय, पण तीस म्हणजे तीस.

११ तारीख, गुरुवार

आज जे झालं ते नीट लिहितो, कारण मला स्वतःलाच परत वाचायचं आहे.

हिशेबाच्या बाई खिडकी सोडून खाली आमच्या घड्या घालायच्या टेबलापाशी आल्या. सगळे हातातलं काम टाकून बघायला लागले. त्या खाली आल्याचं कुणी कधी बघितलेलं नाही. मला म्हणाल्या, "हात मोकळे आहेत? नॅपकिन मोजा. शहाण्णव."

मी मोजले. हॉटेलचे पांढरे नॅपकिन, चौकोनी घडीचे.

"एक नॅपकिन म्हणजे दहा. हा तुमचा इथला महिन्याचा पगार. बरोबर?"

"बरोबर. यालाच तर मी नऊशे साठ म्हणतोय."

त्यांनी त्यातले सत्तर उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवले. "काम करणाऱ्या प्रत्येकाच्या एवढ्या कमाईला सरकार हात लावत नाही. हा करमाफ वाटा. आता इकडे राहिले किती?"

"सव्वीस."

"कर फक्त या सव्वीसांवर. पाचातला एक. म्हणजे पाच नॅपकिन आणि वर एक चिंधी. आणि पूर्ण पगारावर विम्याचा हप्ता, तोही पाचाच्या आसपास. तुम्ही आजारी पडलात, म्हातारे झालात, तर तो तुमच्याच कामी येतो. कळलं?"

"कळलं. मग माझे चोवीस का घेता?"

त्यांनी ते बाजूचे सत्तर परत उचलले आणि सव्वीसांवर आणून आपटले. "कारण तुमचा करमाफ वाटा मी बाजूला ठेवतच नाही. तो फक्त एकाच ठिकाणी ठेवायचा असतो, जिथे माणसाचं मुख्य काम असेल तिथे. तुम्ही नोकरीला लागताना लिहून दिलंय, 'हे माझं मुख्य काम नाही'. मी समजले, वाटा बेकरीत मिळत असेल. आणि तुमच्या त्या मामांनी बेकरीची चिठ्ठी आणून दाखवली तर तिथेही तुम्ही लिहिलंय, 'हे माझं मुख्य काम नाही'!"

"मग माझे सत्तर नॅपकिन आहेत कुठे?"

"कुठेच नाहीत."

सगळे हसले. मुकादम ओरडला की शहाण्णव नॅपकिनांच्या घड्या कोण नीट करणार. बाई म्हणाल्या, "ते करतील," आणि गेल्या. जाता जाता थांबून विचारलं, "मामांच्या पायाचं कसं आहे?" मामांच्या पायाला काही झाल्याचं मला माहीतही नव्हतं.

१२ तारीख, शुक्रवार

उपाय सोपा आहे, बाईंनी कागद पाठवलाय. त्यावर लिहायचं, 'माझं मुख्य काम : लॉन्ड्री, चादरींच्या घड्या', आणि सही. एकोणीसच्या आत दिला तर ह्याच पगारापासून कर कमी, आणि मागच्या तीन महिन्यांचं जास्तीचं कापलेलंही ह्याच पगारात परत. एकोणीस उलटली की पुढचा महिना.

म्हणजे धाकटीचा गाळा ह्या एका सहीवर आहे.

आणि मला सही करवत नाहीये.

नोकरीला लागलो तेव्हा मी काही न वाचता 'नाही' लिहिलं नव्हतं. ती एकच ओळ मी नीट वाचली होती. 'हे तुमचं मुख्य काम आहे का?' माझं मुख्य काम पाट्या. चौदाव्या वर्षी पेंटरच्या हाताखाली गेलो, दुकानं रंगवली, दवाखाने रंगवले, ट्रकच्या मागे फुलं काढली. गावातल्या पाट्या यंत्रावर छापून यायला लागल्या म्हणून इकडे आलो. चादरी तेवढ्यापुरत्या. पाव तेवढ्यापुरता. मग दोन्हीकडे खरं तेच लिहिलं, नाही आणि नाही. खरं बोलायचे महिन्याला एकशे चाळीस पडतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

१५ तारीख, सोमवार

मामांशी कडाक्याचं वाजलं. म्हणाले, "अरे, सरकारला तुझ्या काळजातलं नकोय. तुझा मोठा पगार कुठला, एवढंच विचारतंय ते."

मी म्हटलं, "मग तसं लिहावं ना, मोठा पगार कुठला! मुख्य काम का लिहितात?"

"तू जाऊन सांग सरकारला."

"तुम्ही लिहाल का मामा, मुख्य काम फाटक म्हणून?"

"मी लिहिलंय. बावीस वर्षांपूर्वी. आणि रोज घरी येऊन मसाले परतलेत. फाटकाने कधी विचारलं नाही की घरी काय करतोस."

हे बोलताना ते आरशासमोर उभे राहून मिशीला काळं लावत होते. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, "तुझ्या कामासाठीच जातोय. भांडताना वय दिसू नये."

माझ्यासाठी त्यांना काय काय करावं लागतंय! लाज वाटली. तरी सही केली नाही.

१७ तारीख, बुधवार

धाकटीचा फोन. शेवटी सांगून टाकलं. नॅपकिनांपासून सगळं. वाटलं, चिडेल. ती इतकी हसली की मागून आई विचारायला लागली, काय झालं, काय झालं.

"म्हणजे दादा, दोन नोकऱ्या करतोस आणि कागदावर तुला मुख्य काम एकही नाही?"

"हसू नकोस. तुला कळायचं नाही. उद्या माणूस विचारेल काय करतोस, तर चादरी सांगू?"

तेव्हा ती म्हणाली, "मी सांगू तुला? चार वर्षं मी केस कापतेय. बँकेत गेले, रेशनच्या कागदावर, दवाखान्यात, सगळीकडे धंद्याच्या पुढे रकाने असतात. नोकरी, शेती, विद्यार्थी, गृहिणी. मी कशातच बसत नाही म्हणून मी दर वेळी शेवटच्या रकान्यात खूण करते. 'इतर'. चार वर्षं मी इतर आहे दादा. त्याने माझी कात्री बोथट झाली का? चौकातल्या डॉक्टरीणबाईसुद्धा येतात माझ्याकडे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"लिही चादरी," म्हणाली. "तू चादरी लिही आणि मग बघ, पुढच्या कागदावर मी काय लिहिते. इतर नाही लिहिणार. मालकीण लिहिणार."

मग आई फोनवर आली. "तुझ्या बहिणीने माझे केस आखूड केलेत. शेजारी म्हणतात, दहा वर्षं लहान दिसतेस. तू येशील तेव्हा ओळखशील का?" आई आणि आखूड केस! फोन ठेवल्यावर किती तरी वेळ मी एकटाच हसत होतो.

१८ तारीख, गुरुवार

सही केली.

खिडकीशी उभा राहून बाईंच्या समोरच लिहिलं. लिहायचंच आहे तर नीट लिहू म्हटलं. 'चादरी' असं काढलं की द ची गाठ अगदी गोल, री ची वेलांटी डौलात वर. रकान्यात मावलं नाही, खालच्या दोन ओळी खाल्ल्या. बाईंनी चष्मा लावून बघितलं, मग चष्मा काढून बघितलं.

"हे तुम्ही आत्ता काढलंत? हाताने?"

"मग काय पायाने?"

बाई हसल्या. मी स्वतः बघितलं. म्हणाल्या, "या खिडकीवर पाटी हवी आहे. लोक येऊन विचारतात, पगार इथे मिळतो का. किती घ्याल?"

मी म्हटलं, "फुकट करून देईन. त्यातून तुम्हाला काही कापता यायचं नाही."

त्यावर जे हसल्या, ते मुकादमापर्यंत ऐकू गेलं.

खाली येऊन चादरी घ्यायला लागलो. इस्त्रीच्या यंत्राच्या रुळाखालून गरम चादर बाहेर येते, दोन टोकं मी धरतो, दोन समोरचा धरतो. आज घड्या जरा बऱ्या पडल्या. मुख्य काम म्हटल्यावर कोपऱ्याला कोपरा जुळायलाच पाहिजे. असं समोरच्याला म्हणालो तर तो म्हणाला, "डोकं फिरलंय का रे तुझं?"

२१ तारीख, रविवार

मामांना बसवून त्यांच्यासमोर पूर्ण हिशेब मी केला, कुणाला न विचारता. पुठ्ठ्यावर रंगाने लिहिला, म्हणजे दिसतो तरी. नऊशे साठातून सातशे बाजूला, राहिले दोनशे साठ, त्याचा पाचवा हिस्सा बावन्न. विम्याचे अठ्ठेचाळीस. हातात आठशे साठ. आधी मिळायचे सातशे वीस, म्हणजे महिन्याला एकशे चाळीसचा फरक. मागच्या तीन महिन्यांचे चारशे वीस परत. एकूण बाराशे ऐंशी मिळायला पाहिजेत. बेकरीचे साडेचारशे तसेच, तिथे वाटा नाही, एका माणसाला दोन मुख्य कामं चालत नाहीत.

मामा म्हणाले, "बाईंना दाखवतो हे." पुठ्ठा घेऊन लगेच निघाले. मी म्हटलं, "आज रविवार आहे, खिडकी बंद असेल." म्हणाले, "बघतो जाऊन." संध्याकाळी आले. बाई भेटल्या म्हणे. रविवारीसुद्धा कामाला येतात, काय बाई आहे!

२४ तारीख, बुधवार

आज हिशेबाच्या बाई आमच्या खोलीवर जेवायला आल्या होत्या. मामा म्हणाले, भांडण मिटलं तर जेवायला बोलावतात. बरोबरच आहे. मामांनी सकाळपासून खोली झाडली, दोनदा. माझे रंगाचे डबे पलंगाखाली गेले.

बाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं फाटकावर फुकट घालवलीत तुम्ही." मामा लाजले. या वयात! त्यांच्या जेवणाचं कौतुक कुणी करत नाही, माझं चुकलंच ते. उद्यापासून रोज करणार.

बाईंना सोडायला मामा बस थांब्यापर्यंत गेले, आणि पायाचं दुखणं असूनही चालतच परत आले, तेही लांबच्या रस्त्याने. आल्यावर म्हणाले, "दोनचार महिन्यांत मी खोली सोडीन म्हणतोय."

मी घाबरलो. "का? माझं काही चुकलं का?"

"नाही रे भाच्या. तुझं फार बरोबर चुकलं," म्हणाले आणि हसत बसले. मला काही टोटल लागली नाही. त्यांच्याऐवजी कुणी तरी बघावं लागेल भाड्याला. तेव्हाचं तेव्हा बघू.

२६ तारीख, शुक्रवार

अठ्ठावीसला रविवार येतो म्हणून पगार आजच.

बाईंनी खिडकीतून चिठ्ठी सरकवली. मी उघडली. ह्या वेळी वाचली, मुंगी मुंगी करत वरपासून खालपर्यंत. कर बावन्न. विमा अठ्ठेचाळीस. मागील जास्त कपात परत, चारशे वीस. हातात बाराशे ऐंशी.

माझ्या पुठ्ठ्यावरचा आकडा! कमी नाही, जास्त नाही. पैसे मिळाल्यापेक्षा आकडा जुळल्याचाच आनंद जास्त झाला, खोटं कशाला लिहू. मी तिथेच उडी मारली. मागे रांगेत उभी असलेली माणसं म्हणाली, पगार वाढला का? मी म्हटलं, नाही, कळला!

बाई म्हणाल्या, "मागच्या वेळी म्हणालात पटलं नाही. आता?"

"आता पटलं."

"पाटी कधी देणार?"

"पाटीला खालचा रंग देऊन वाळत टाकलीय. कुठला रंग आवडतो तुम्हाला?"

"मामांना विचारा," म्हणाल्या. मामांना कसं माहीत असणार?

रांगेतल्या एकाने मला बाजूला ओढलं. गाड्या धुतो तो. त्याच्याही दोन नोकऱ्या, त्यालाही कापतात, आणि त्यानेही दोन्हीकडे काय लिहिलं ते त्याला आठवत नाही. मी म्हटलं, "नॅपकिन आहेत का तुझ्याकडे?" रविवारी तो चिठ्ठ्या घेऊन खोलीवर येणार आहे.

२७ तारीख, शनिवार

सकाळीच पैसे पाठवायच्या दुकानात गेलो. लॉन्ड्रीचे बाराशे ऐंशी, बेकरीचे साडेचारशे, मिळून सतराशे तीस. साडेपाचशे माझे, ते वेगळ्या खिशात. राहिले अकराशे ऐंशी. दुकानदार म्हणाला, पाठवणावळ वीस. मी म्हटलं, कापा. एवढ्या आनंदाने मी आजवर कुणाला कापू दिलं नव्हतं.

तिथूनच धाकटीला फोन लावला. ती गाळ्यासमोरच उभी होती. मालकाशी बोलणं चाललेलं ऐकू येत होतं, मोबाइलवालाही तिथेच घुटमळत होता म्हणे. ती म्हणाली, "दादा, होय एकदाच म्हण."

मी म्हटलं, "होय."

मग मालकाचा आवाज आला, "घ्या किल्ली, बाकीचं सोमवारी." मग धाकटीचं ओरडणं, मग आईचं रडणं की हसणं, ते काही ओळखू आलं नाही. कुलूप काढल्याचा आवाज मात्र स्पष्ट आला. आत काय आहे विचारलं तर म्हणाली, धूळ, एक मोडकी खुर्ची आणि भरपूर उजेड. आरसा लागेल, मोठा, बाईला उभं राहून दिसेल असा. मी म्हटलं, आरसा माझ्याकडून.

हजार अनामतीचे, एकशे साठ आरशाचे. पाठवले एक हजार एकशे साठ.